पीएसए उतरणे आणि कर्करोग हटणे : अन्नपूरकाच्या चाचणीत नेमके काय मोजले जाते?

एखादे फळ, वनौषधी किंवा त्यांचा अर्क प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपयोगी ठरला, अशी बातमी येते तेव्हा तिच्यातला आकडा बहुतेक वेळा पीएसएचा (प्रोस्टेट-स्पेसिफिक अँटिजेन, रक्तात मोजले जाणारे एक प्रथिन) असतो. ‘पीएसए इतका उतरला’ हे वाचताना आपण नकळत ‘कर्करोग तेवढा हटला’ असे समजून बसतो. ही दोन्ही विधाने कधी एकत्र खरी असतात, कधी त्यांपैकी एकच खरे असते आणि कधी पहिल्यातही फारसे तथ्य नसते. ज्याच्या घरात हा आजार आहे, त्याच्यासाठी हा फरक उपचाराच्या निर्णयापर्यंत जाऊन पोहोचतो, म्हणून तो नीट उलगडून पाहिला पाहिजे.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीच्या पेशींनी तयार केलेले प्रथिन आहे आणि वीर्य प्रवाही ठेवणे हे त्याचे मूळ काम आहे. ते निरोगी पेशीही तयार करतात आणि कर्करोगाच्या पेशीही. म्हणूनच वयानुसार ग्रंथी मोठी झाली किंवा तिला सूज आली, तरी रक्तातील पीएसए वाढतो. शस्त्रक्रियेने ग्रंथी पूर्ण काढून टाकल्यानंतर मात्र तो जवळजवळ शून्यावर यायला हवा, आणि पुढे तो पुन्हा चढू लागला तर शरीरात कुठेतरी त्या पेशी उरल्या आहेत असा त्याचा अर्थ होतो. त्यामुळे रुग्णाच्या पाठपुराव्यात पीएसएचे मोल मोठे आहे, ते मी मुळीच नाकारत नाही. पण पीएसए ही रोगाची एक खूण आहे. कर्करोग हटणे म्हणजे गाठ आकसणे, रोग हाडांत किंवा अन्य अवयवांत न पसरणे, वेदना कमी होणे आणि रुग्णाचे आयुष्य वाढणे.

मग संशोधक थेट आयुष्यच का मोजत नाहीत? कारण हा कर्करोग पुष्कळदा फार संथ असतो. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासात ग्रंथीपुरताच मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांचा सुमारे १५ वर्षे पाठपुरावा झाला आणि त्या काळात या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण केवळ २.७ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतर पीएसए पुन्हा चढू लागलेल्या रुग्णांवरील अमेरिकेतील एका जुन्या, मोठ्या अभ्यासात पीएसए चढल्यापासून रोगाचा प्रसार दिसेपर्यंतचा मध्यक काळ, म्हणजे निम्म्या रुग्णांत प्रसार दिसायला लागलेला काळ, ८ वर्षांचा निघाला. एवढी वाट पाहणारी चाचणी चालवायची तर हजारो रुग्ण, भरपूर पैसा आणि दीर्घ चिकाटी लागते. ज्या अर्कावर कोणाचे पेटंट नसते, त्यासाठी एवढा खर्च करायला सहसा कोणी पुढे येत नाही. पीएसए मात्र सहा महिन्यांत, थोड्याशा रक्तावर मोजता येतो. त्याचा वापर होतो तो या अडचणीमुळे, आणि प्राथमिक चाचणीत तो रास्तही आहे. चूक होते ती त्या निकालाला अंतिम निकाल मानण्यात.

पीएसएचा आकडा खाली येण्याच्या तीन अगदी निरनिराळ्या वाटा आहेत. पहिल्या वाटेत रक्तातील पीएसए जिथल्या तिथे राहतो आणि फक्त अहवालातला आकडा घसरतो. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या पूरकांत बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असते, आणि रक्ततपासणीच्या अनेक पद्धती बायोटिनच्याच रासायनिक पकडीवर आधारलेल्या असतात. रक्तात बायोटिन जास्त झाले की त्या पकडीच्या जागा तेच अडवते आणि अशा पद्धतीने मोजलेला पीएसए खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे रक्ततपासण्या चुकू शकतात असा इशारा दिला होता. दुसऱ्या वाटेत पीएसए खरोखर कमी होतो, पण पेशी तो कमी बनवतात म्हणून. पीएसएची निर्मिती पुरुषी संप्रेरकांच्या आदेशावर चालते. ग्रंथी मोठी झाल्यावर दिले जाणारे फिनास्टेराइड हे औषध त्या आदेशात अडथळा आणते आणि काही महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर येतो. पण आत कर्करोग असेल, तर तो त्यामुळे निम्मा झालेला नसतो. म्हणूनच असे औषध चालू असलेल्या रुग्णाचा आकडा डॉक्टर दुप्पट करून वाचतात. तिसऱ्या वाटेत कर्करोगाच्या पेशी खरोखर मरतात किंवा त्यांची वाढ थांबते, आणि त्यांच्यासोबत पीएसए उतरतो. तपासणीच्या कागदावर मात्र या तिन्ही वाटा सारख्याच दिसतात.

या गोंधळाचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे ‘पीसी-स्पेस’. आठ वनौषधींचे हे मिश्रण १९९०च्या दशकात अमेरिकेत अन्नपूरक म्हणून विकले जात होते. त्याने पीएसए उतरत असे, आणि तोही असा, की २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संप्रेरकांवर अवलंबून असलेल्या कर्करोगाच्या गटात ८० टक्के किंवा त्याहून अधिक घट दिसली. पण त्याआधीच, १९९८ मध्ये, आठ रुग्णांवरील एका निरीक्षणात असे नोंदले गेले होते की या मिश्रणाचा परिणाम स्त्री-संप्रेरकासारखा आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटत होते, छाती दुखरी होत होती, कामेच्छा मंदावत होती आणि एका रुग्णाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. पुढे प्रयोगशाळांनी त्या गोळ्या तपासल्या तेव्हा काही खेपांमध्ये डायइथाइलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन आणि इंडोमेथासिन हे वेदनाशामक सापडले. २००२ मध्ये ते उत्पादन बाजारातून मागे घेण्यात आले आणि त्याची त्याच संप्रेरकाशी तुलना करणारी चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली.

येथे घाई करून ‘म्हणजे सगळे खोटेच होते’ असेही म्हणता येत नाही. स्त्री-संप्रेरकाने प्रोस्टेटचा कर्करोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्येच दाखवले होते आणि त्या कामासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रुग्णांना झालेला लाभ त्यामुळे काही अंशी खराही असेल. पण तो लाभ ‘नैसर्गिक’ मिश्रणाच्या नावावर जमा झाला, आणि गुठळी होण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका मात्र रुग्णांनी व त्यांच्या डॉक्टरांनी अजाणता पत्करला. बाटलीत नेमके काय आहे, हे प्रत्येक खेपेसाठी स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय अन्नपूरकाची चाचणी सुरूच करू नये, असे माझे ठाम मत याच प्रकरणामुळे झाले आहे.

डाळिंबाची गोष्ट याहून सौम्य आहे, पण शिकण्यासारखे तिच्यात अधिक आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर किंवा किरणोपचारानंतर पीएसए चढू लागलेल्या सुमारे ४६ पुरुषांना रोज पेलाभर डाळिंबाचा रस दिला गेला. त्यांचा पीएसए दुप्पट होण्याचा सरासरी काळ १५ महिन्यांवरून ५४ महिन्यांवर गेला. हा आकडा फार मोठा वाटतो, पण तो उलगडून पाहिला तर असे दिसते : आज पीएसए १ नॅनोग्रॅम असेल, तर पहिल्या वेगाने तो वर्षभरात सुमारे १.७४ होईल आणि दुसऱ्या वेगाने १.१७. म्हणजे फरक आहे, पण ५४ हा आकडा कानावर जसा पडतो, तेवढा नाही. शिवाय त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या वेगाशी केली होती.

या तुलनेत एक बारकावा दडलेला आहे. अशा चाचणीत माणूस दाखल होतो तो त्याचा पीएसए नुकताच झपाट्याने चढला म्हणून. त्या चढणीत काही भाग खऱ्या वाढीचा असतो आणि काही भाग मोजमापातल्या चढउतारांचा. पुढच्या मोजण्यांमध्ये हा दुसरा भाग आपोआप ओसरतो आणि काहीही न देता वेग मंदावलेला दिसतो. हे खरे आहे की नाही, ते पाहण्याचा एकच मार्ग असतो : तितक्याच रुग्णांना, चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटप करून, तशीच दिसणारी पण डाळिंब नसलेली गोष्ट देणे. त्याच संशोधकांनी पुढे तेही केले, आणि याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत १८३ पुरुष होते. अर्क घेणाऱ्यांचा दुप्पट होण्याचा काळ १२.९ महिन्यांवरून १४.५ वर गेला आणि काहीच सक्रिय न घेणाऱ्या प्लॅसिबो गटाचा ११.१ वरून १५.६ वर. गटागटांत सांख्यिकीदृष्ट्या दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. पहिल्या अभ्यासातला सुधार खोटा नव्हता, फक्त तो डाळिंबामुळे झाला असे म्हणण्यास आधार उरला नाही.

उलट दिशेचे उदाहरणही ध्यानात घ्यायला हवे. सिपुल्युसेल-टी ही रुग्णाच्याच प्रतिकारपेशींपासून बनवलेली उपचारपद्धती अमेरिकेत २०१० मध्ये मान्य झाली. ५१२ रुग्णांच्या चाचणीत तिने मध्यक आयुर्मान २१.७ महिन्यांवरून २५.८ महिन्यांवर नेले, पण पीएसए फारच थोड्या रुग्णांमध्ये उतरला. पीएसए हाच एकमेव निकष धरला असता, तर ही पद्धत निकामी ठरवून बाजूला ठेवली गेली असती.

जिथे पीएसएऐवजी प्रत्यक्ष आजारच मोजला गेला, तिथे पूरकांचा निकाल अनेकदा वेगळाच लागला. ‘सिलेक्ट’ ही चाचणी उपचाराची नव्हती, ती ३५,००० हून अधिक निरोगी पुरुषांमधील प्रतिबंधाची होती. तिच्यात ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांची परीक्षा झाली. २०११ मधील निष्कर्षानुसार केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचे कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळले.

तेव्हा एखाद्या पूरकाचा अहवाल हाती आला, तर प्रथम त्यात प्लॅसिबो गट होता का ते पाहावे. मग मोजले काय ते पाहावे : पीएसए, त्याचा वेग, हाडांतील प्रसार की आयुष्य. रोगाचा प्रसार होईपर्यंतचा काळ हा या आजारात आयुर्मानाचा बराच भरवशाचा अंदाज देतो. पीएसएला तेवढा मान मिळालेला नाही. आणि घरात कोणी असे पूरक आधीच घेत असेल, तर रक्त देण्यापूर्वी ती बाटली, तिच्यावरील घटकांच्या यादीसह, डॉक्टरांना दाखवावी. कारण पूरकामुळे खाली आलेला आकडा पाहून पुढची बायोप्सी किंवा हाडांचे स्कॅन लांबणीवर पडू शकते, आणि ते का लांबले हे मग कोणाच्याच लक्षात येत नाही.