बोटातून फोनला निरोप

पावसाळ्यात कृष्णेचं पाणी बघायला सांगलीच्या आयर्विन पुलावर गर्दी होते. फोटोसाठी मोबाईल बाहेर काढावा, तर स्क्रीनवर चार थेंब पडताच कॅमेरा आपोआप बंद होतो, भलतंच अ‍ॅप उघडतं. फोन बिघडलेला नसतो. तो थेंबालाच बोट समजतो.

स्क्रीनला बोट दिसत नाही, तिला फक्त विजेतला फरक कळतो. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक पदार्थाच्या आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते. रेघा एकमेकींना छेदतात तिथे थोडा विद्युतभार साठतो. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते, त्यामुळे बोट टेकलं की त्या जागची साठवण बदलते. फोनमधली चिप सगळी जाळी सेकंदाला अनेकदा, बऱ्याच फोनांत ६० ते १२० वेळा, चाचपते आणि बदल झालेली जागा ‘टच’ म्हणून नोंदवते.

मग हा बदल मुद्दाम, ठरावीक तालात घडवला तर? अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हेच केलं. बॅटरीवर चालणाऱ्या अंगठीतून त्यांनी स्क्रीनला विजेचे बारीक ठोके दिले. टच आहे, नाही, पुन्हा आहे: झाले १ आणि ०, म्हणजे बिट. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरावा, तसाच हा व्यवहार. टेकलं त्यालाच कळतं.

वेग मात्र सेकंदाला जेमतेम ४-५ बिट. चार आकडी पिन १४ बिटांत बसतो, म्हणजे तीनेक सेकंद लागतील. २०० केबीच्या फोटोला साडेतीन दिवसही पुरणार नाहीत. पुढे २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने उलट्या दिशेने प्रयोग केला: फोनच्या फिंगरप्रिंट सेन्सरचे सिग्नल बोटातून शरीरात पाठवले, तेव्हा सेकंदाला २५ बिट गेले.

मला रटगर्सचा मूळ हेतू जास्त मोलाचा वाटतो. एकाच फोनवर या क्षणी कोणाचं बोट आहे, हे त्यांना ओळखायचं होतं. आपल्याकडे कितीतरी घरांत एकाच मोबाईलवर पोरांचा अभ्यासही होतो आणि वडिलांचे पैशांचे व्यवहारही. ‘हे बोट वडिलांचं’ एवढं सांगायला मोजके बिट पुरतात. अंगठी हरवू शकते, कोणी काढूनही घेईल. म्हणून पैशांसाठी पिन हवाच. पण मुलाच्या हातातल्या फोनवर ठरावीक अ‍ॅपच उघडावीत, एवढ्या कामाला ती चांगली आहे.