नागपुरातलं माती-संशोधन : सारा, कापूस आणि सांडपाण्यापासून

मातीतल्या जिवांवर किंवा परिसंस्थेवर पीएचडी करायची म्हटली, की नागपुरात तीन-चार संस्थांचे उंबरठे झिजवावे लागतात. याचं कारण जुनं आहे. यातली एकही संस्था मुळात या विषयासाठी निघालेली नाही.

मातीची पहिली पद्धतशीर नोंद झाली ती सारावसुलीसाठी. इंग्रजांच्या जमीन-महसूल बंदोबस्तात (सारा ठरवण्यासाठी झालेल्या मोजणीत) काळी, मोरांड, खरडी, बरडी असे वर्ग पाडले गेले. नावं शेतकऱ्यांचीच होती, साहेबाने ती फक्त कागदावर चढवली. १९०६ साली कृषी महाविद्यालय आलं, १९२३ साली विद्यापीठ. पण मातीकडे बघायचं ते पिकासाठीच.

खरं वळण १९७०च्या दशकातलं. दिल्लीत वाढलेलं मृदा सर्वेक्षणाचं काम १९७६ साली स्वतंत्र ब्यूरो (राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो) झालं आणि १९७८ साली त्याचं मुख्यालय अमरावती रोडवर आलं. माझ्या मते यापेक्षा सोयीचं शहर मिळालंही नसतं. पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट आणि त्यावरची उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी काळी चिकणमाती. पूर्वेला भंडाऱ्याकडे जुने, स्फटिकी खडक आणि धानाची माती. या ब्यूरोने १९९२ साली माती, हवामान आणि पिकाचा हंगाम पाहून देशाचे २० कृषी-परिस्थितिकी प्रदेश आखले. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी जोडून भूसंसाधन व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षणही इथे सुरू झालं. खड्डा खणून थर वाचणं तिथे शिकावं.

नीरीची, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची, गोष्ट आणखी आडवळणाची. १९५८ साली ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून निघाली. पाणी आणि मैला हे तिचे विषय. १९७४ साली नावात पर्यावरण आलं. पुढे तिच्या शास्त्रज्ञांनी गुमगावच्या मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर झाडं जगवून दाखवली. ढिगाऱ्यात सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नव्हताच. म्हणून साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) घातली, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी जगणारी मायकोरायझा बुरशी सोडली. नागपूरच्या मृदा-परिस्थितिकीचं सगळ्यात ठसठशीत काम मी यालाच म्हणेन. ते जन्मलं मात्र खाणीच्या कचऱ्यातून.

कापूस संशोधन संस्थाही १९७६चीच. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर मुळांभोवतीच्या सूक्ष्मजीवांचं काय होतं, हा प्रश्न तिच्या दारात येणं अटळ होतं.

विषयांची ही वाटणी पदव्यांमध्येही उतरली आहे. पीएचडीला कृषी पदवीधर आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) परीक्षेने येतो, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेने. पूर्वी नीरीत काम करणाऱ्याला पीएचडीसाठी विद्यापीठाकडेच जावं लागे. नीरी ही सीएसआयआरची (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची) प्रयोगशाळा. २०११च्या कायद्याने या परिषदेची पदवी देणारी एसीएसआयआर अकादमी उभी राहिल्यावर सीएसआयआरच्या प्रयोगशाळेतच नोंदणी होऊ लागली. कृषी पदवीधराने त्या दारावर टकटक करायची पद्धत मात्र अजून फारशी पडलेली नाही.