सेरादुरा : मारी बिस्किटांचा भुसा

गोव्यात जेवणानंतर छोट्या काचेच्या ग्लासात सेरादुरा समोर येतो. पांढऱ्या क्रीमचा थर, त्यावर भुरकट पूड, पुन्हा क्रीम, पुन्हा पूड. पोर्तुगीजमध्ये ‘सेर्रा’ म्हणजे करवत आणि सेरादुरा म्हणजे तिच्याखाली पडणारा भुसा. मारी बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने चुरली की नावाचा उलगडा तिथेच होतो. रंग तोच, चिमटीतली भुरभुरही तीच.

पोर्तुगीज गोड पदार्थ म्हटले की आधी आठवतो अंड्याचा बलक. तिथल्या मठांत अंड्याचा पांढरा भाग कपड्यांना खळ द्यायला आणि वाइन नितळ करायला वापरत. मागे उरायचे ढीगभर बलक. त्यांत साखर घालून जोगिणींनी एकाहून एक मिठाया घडवल्या. लिस्बनच्या बेलें भागातला पाश्तेल द नाता, म्हणजे कस्टर्डचा टार्ट, मठातूनच बाहेर आला आणि तिथल्या दुकानात तो 1837 पासून विकला जातो. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या बेबिंका या थरांच्या केकातही हाच बलक आहे, पण दुधाच्या जागी नारळाचा रस आला. खाली-वर निखारे ठेवून एकेक थर भाजायचा, तो झाला की पुढचा ओतायचा. दिवस मोडतो.

सेरादुरा या घराण्यातला नाही. त्यात अंडं नाही, भट्टी नाही. त्याचं वय त्याच्या जिनसांवरून कळतं: क्रीममध्ये मिसळायचं आटवलेलं गोड दूध (कंडेन्स्ड मिल्क) आणि मारी बिस्कीट. अमेरिकेत गेल बोर्डन यांनी दूध आटवण्याच्या पद्धतीचं पेटंट 1856 मध्ये घेतलं. साखर घालून आटवलेलं ते दूध डब्यात महिनोन्‌महिने टिकू लागलं. मारी बिस्कीट 1874 चं. रशियाच्या झारची मुलगी मारिया आणि इंग्लंडच्या राणीचा मुलगा यांच्या लग्नानिमित्त लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने ते काढलं. त्या मारियाचं पोर्तुगालमध्ये ‘बोलाशा मारिया’ झालं, आपल्याकडे मारी. आपण ते चहात बुडवून खात राहिलो. पोर्तुगीज घरांनी त्याचे विनाभट्टीचे गोड पदार्थ केले. बिस्किटं कॉफीत भिजवून, मध्ये लोण्याचं क्रीम भरून रचलेला ‘बोलू द बोलाशा’ हा त्यांतला घरोघरी होणारा केक.

सेरादुराचं नाव सगळ्यांत गाजलं ते मात्र चीनच्या किनाऱ्यावर, मकावमध्ये. पोर्तुगीज तिथे 1557 च्या सुमारास स्थिरावले आणि 1999 च्या डिसेंबरात निघाले. 1844 पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, त्यामुळे या दोन बंदरांचं नातं जुनं. मकावच्या हॉटेलांत सेरादुरा थंडगार देतात, काही ठिकाणी अर्धवट गोठवून, तर कुठे त्याचं थेट आइस्क्रीमच करतात. अशा दमट हवेत ताजं क्रीम फेटायचं तर थंडाव्याची सोय हवीच. मला म्हणूनच हा पदार्थ मठापेक्षा फ्रिजचा वाटतो, आणि त्यात त्याचा काही कमीपणा नाही.

गोठवल्यावर तो दगडासारखा का होत नाही, याचं उत्तरही आटवलेल्या दुधाच्या त्या डब्यातच आहे. आटवलेल्या दुधाचा जवळजवळ निम्मा भाग साखर असते. साखरेमुळे पाणी शून्य अंशाच्याही खाली गेल्यावर गोठतं, शिवाय फेटलेल्या क्रीममध्ये हवा असते. म्हणून फ्रीझरमधून काढून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवला की चमचा अलगद खाली जातो.

घरी करताना बहुतेकांची फसगत क्रीमपाशी होते. पंचवीस टक्के स्निग्धांशाचं खोक्यातलं क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. तिशीच्या वरचं हवं, पस्तीस असेल तर उत्तम. भांडं आणि क्रीम दोन्ही आधी गार करायचं. 400 मिली क्रीम मऊ शिखरं येईपर्यंत, म्हणजे चमचा उचलल्यावर टोक येऊन लवेल इतपत, फेटायचं, त्यात अर्धा डबा आटवलेलं दूध हळूहळू सोडायचं, थोडा व्हॅनिला. साधारण 150 ग्रॅम बिस्किटांची पूड पुरते. ती अगदी पिठासारखी हवी, जाडसर राहिली तर दाताखाली येते. तळाशी पूड, वर क्रीम, असे पाच-सहा थर. फ्रीझरमध्ये तीन तास, किंवा फ्रिजमध्ये रात्रभर. आतली पूड क्रीमचा ओलावा पिऊन केकसारखी मऊ होते. सगळ्यांत वरची मात्र वाढायच्या क्षणी भुरभुरायची, म्हणजे ती कोरडी राहते.