पांढऱ्या देवमाशामागचा खरा देवमासा

अमेरिकन लेखक हर्मन मेलव्हिलच्या ‘मॉबी डिक’ या कादंबरीतला पांढरा देवमासा म्हणजे नक्की काय? देव, सैतान, निसर्ग, नियती, सगळी उत्तरं देऊन झाली आहेत. मुळात मात्र तो देवमासाच होता. २० नोव्हेंबर १८२० रोजी प्रशांत महासागरात एका स्पर्म व्हेलने ‘एसेक्स’ या शिकारी जहाजाला दोनदा धडक देऊन ते बुडवलं. बचावलेल्या ओवेन चेसने पुढच्याच वर्षी ती हकिगत छापली. १८३९ मध्ये चिलीच्या समुद्रातल्या ‘मोका डिक’ या पांढऱ्या देवमाशावर न्यूयॉर्कच्या एका मासिकात लेख आला. मेलव्हिल स्वतः जानेवारी १८४१ मध्ये देवमाशांच्या शिकारीला निघाला आणि त्याच सफरीत चेसचं पुस्तक त्याच्या हाती पडलं.

कादंबरी आली १८५१ मध्ये. तिच्यात प्रतीक कसं काम करतं हे बघायचं तर देवमासा जरा बाजूला ठेवून, त्याच्या मागे लागलेल्या कप्तान अहाबच्या जहाजाच्या डोलकाठीवर ठोकलेलं सोन्याचं नाणं बघावं. पांढरा देवमासा ज्याला आधी दिसेल त्याचं ते बक्षीस. नाणं इक्वेडोरचं, त्यावर तीन शिखरं, एकावर ज्वाला, दुसऱ्यावर बुरूज, तिसऱ्यावर आरवणारा कोंबडा. अहाबला तिन्हींत स्वतःच दिसतो. त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांपैकी धार्मिक स्टारबकला त्या शिखरांत ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) दिसतं. स्टब पंचांग काढून राशी लावत बसतो. फ्लास्कला दिसतात फक्त १६ डॉलर, म्हणजे दोन सेंटला एक या भावाने ९६० सिगार. (हिशेबाने ८०० होतात. चूक फ्लास्कची की मेलव्हिलची, कोण जाणे. मला ती फ्लास्कची मानायला आवडते.) शेवटी पिप हा पोरगा येतो आणि ‘मी बघतो, तू बघतोस, तो बघतो’ असं क्रियापद चालवत राहतो. नाण्याचा अर्थ मेलव्हिल सांगत नाही. बघणाऱ्यांची ओळख मात्र पटते.

गंमत म्हणजे रूपकाचा शिक्का बसेल, ही धास्ती कादंबरीतच आहे. लोक ही गोष्ट भीषण, असह्य रूपककथा समजतील म्हणून निवेदक एक अख्खं प्रकरण खऱ्या घटनांचे दाखले देत बसतो. पुस्तक तेव्हा फारसं खपलं नाही. १८९१ मध्ये मेलव्हिल वारला, तोवर ते विस्मरणात गेलं होतं. अर्थांचा पाऊस पडला तो १९२० नंतर. तरी जानेवारी १८५२ मध्ये कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या पत्नीला, सोफियाला, लिहिलेल्या पत्रात त्याने कबुली दिली होती: सगळ्या पुस्तकाचा रूपक म्हणून अर्थ लागू शकेल अशी अंधूक कल्पना लिहिताना होती, पण नेमका कुठे काय अर्थ, ते तिच्या नवऱ्याचं पत्र वाचून कळलं.