बाळाचा हात जन्मापासून हलत नसेल तर: तज्ज्ञ केंद्रात नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रं

दचकल्यावर बाळाचा एक हात उडतो आणि दुसरा अंगालगत, कोपर सरळ, तळवा मागे वळलेला असाच पडून राहतो. असं दिसलं तर प्रसूतीच्या वेळी मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याला ताण बसलेला असू शकतो. कागदावर याला ब्रेकियल प्लेक्सस इजा म्हणतात, आणि त्यातल्या खांदा-कोपर हलवणाऱ्या वरच्या नसांना इजा झाली असेल तर अर्ब्ज पाल्सी. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांना हा त्रास होतो. बाळाचा खांदा अडकणं, वजन ४ किलोच्या वर असणं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागणं, आईला मधुमेह असणं, ही नेहमीची कारणं. मात्र यातलं एकही नसताना इजा होऊ शकते, त्यामुळे आईने स्वतःला दोष देऊ नये.

बरीच बाळं पहिल्या काही आठवड्यांत आपसूक सुधारतात. म्हणूनच घरचे आणि कधी कधी डॉक्टरही “थोडं थांबून बघू” म्हणतात. थांबायला हरकत नाही, पण या इजेवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञ केंद्रात नोंदणी करून थांबा. तुटलेली नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते आणि नस पोचेपर्यंत स्नायू कायम वाट पाहत नाही. इथे सगळं महिन्यांवर मोजलं जातं.

कोणाला पाठवायचं? महिनाभरात हात पूर्ववत झाला नाही असं प्रत्येक बाळ तज्ज्ञ केंद्रात दाखवण्यास पात्र आहे, मग थोडी सुधारणा दिसत असली तरी. काही बाळांसाठी महिनाभरसुद्धा थांबू नये: बोटांसकट पूर्ण हात लुळा असेल, किंवा त्याच बाजूची पापणी खाली आलेली आणि डोळ्याची बाहुली लहान दिसत असेल तर. पापणीची ही खूण नस मणक्याजवळ मुळापासून उपटली गेल्याची असू शकते. श्वास घेताना त्रास होत असेल तर त्याच दिवशी दाखवा, कारण श्वासपटलाची (छाती आणि पोटामधल्या, श्वासाला लागणाऱ्या स्नायूच्या पडद्याची) नसही याच भागातून जाते. हात आधी हलत होता आणि नंतर थांबला, सोबत ताप किंवा सूज आहे, तर सांध्यातला संसर्ग असू शकतो. ती तातडीची बाब, तिला ही प्रक्रिया लागू नाही.

बालरोगतज्ज्ञांकडून रेफरल चिठ्ठी घ्या. तिच्यात जन्मतारीख, कोणता हात आणि आज कोणत्या हालचाली होतात हे स्पष्ट लिहून मागा. नुसतं “हात कमजोर” लिहिलेली चिठ्ठी फारशी उपयोगी पडत नाही.

कागदपत्रांत सगळ्यात मोलाचा प्रसूतीचा तपशील. डिस्चार्ज कार्डावर तो त्रोटक असतो, म्हणून प्रसूतीच्या नोंदींची प्रत रुग्णालयातून निघण्याआधीच मागून ठेवा: जन्मवजन, खांदा अडकला होता का, बाळ पायाळू होतं का, उपकरण लावलं का. गळपट्टीच्या हाडाचा आणि दंडाचा एक्स-रे काढला असेल तर तोही सोबत न्या, कारण मोडलेल्या हाडामुळेही बाळ हात हलवत नाही. जन्मदाखला, आई-वडिलांची ओळखपत्रं आणि फिजिओथेरपीच्या नोंदी हे बाकीचं.

दर दोन आठवड्यांनी व्हिडिओ काढा. बाळ उताणं, अंगावर कपडा नाही, खोली उबदार, खेळणं आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. तपासणीच्या वेळी बाळ रडतं किंवा झोपतं, तेव्हा हाच पुरावा कामी येतो.

केंद्रात तिसऱ्या महिन्याच्या सुमाराची तपासणी निर्णायक असते. कोपर दुमडणारा स्नायू तोवर जागा झालाय का, हे पाहतात. नसेल तर नसांच्या शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो, पूर्ण लुळ्या हातात त्याहून लवकर. काही केंद्रं नवव्या महिन्यात बाळाच्या हातात बिस्किट देतात, दंड अंगाशी धरून ठेवतात आणि मान फारशी न वाकवता ते तोंडापर्यंत नेता येतं का बघतात.

शस्त्रक्रिया ठरली तर भूलपूर्व तपासण्या आणि संमतीपत्र. सही करण्याआधी विचारा: तुटलेल्या नसेच्या जागी जोडायला (कलमासाठी) पोटरीतली नस घेणार का? घेतल्यास पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहू शकतो. परिणाम दिसायला कित्येक महिने लागतात.

या सगळ्यात व्यायाम थांबवायचा नाही. सुरुवातीच्या विश्रांतीनंतर फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे खांदा, विशेषतः बाहेरच्या बाजूला, रोज हळुवार फिरवावा लागतो, नाहीतर सांधा आखडतो आणि हाडाचा आकारही बिघडतो. हात धरून बाळाला कधीच उचलू नका.

मूल दोन-तीन वर्षांचं झाल्यावर हे वाचत असाल, तरीही नोंदणी करा. नस जोडण्याची वेळ गेलेली असली तरी खांद्याच्या स्नायूबंधाची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची) जागा बदलणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी या वयातली मुलं पात्र ठरू शकतात, आणि त्यासाठीही हीच फाइल लागते.