शिकवणारी वेगळी, सोबत करणारी वेगळी: संमोहन-प्रसूती ठरवताना डुला कशी निवडावी

हिप्नोबर्थिंगचे, म्हणजे स्वसंमोहनाच्या आधाराने बाळंत व्हायला शिकवणारे वर्ग घेणारी बाई आणि प्रसूतीच्या वेळी सोबत राहणारी डुला, या दोघींची आपल्याकडे सर्रास गल्लत होते. तसं व्हायला कारणही आहे. बऱ्याचदा ही दोन्ही कामं एकच बाई करते, इन्स्टाग्रामवर नावाखाली दोन्ही शब्द लावते आणि फीसुद्धा एकत्रच सांगते. पण पहिलीचं काम लेबर रूमच्या दाराशी संपतं, आणि दुसरीची खरी गरज तिथेच सुरू होते. बडोद्यातल्या मराठी घरांत हा फरक हमखास अंगावर येतो. मुलगी लग्न होऊन पुण्याला किंवा ठाण्याला, वर्ग तिथल्या बाईंकडे केलेला, आणि पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, म्हणजे कारेलीबागेत नाहीतर मांजलपुरात. डोहाळजेवण आटोपून ती इकडे येते तेव्हा शिकवणारी तिकडेच राहिलेली असते. मग आई विचारते, "एवढे पैसे भरलेस ना, मग त्या बाई येणार कधी?" त्या येणार नसतातच. तसं ठरलेलंच नसतं.

आधी शिकवणारीचं काम पाहू. ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ पासून एक मुद्दा लावून धरला होता: भीतीमुळे अंग आखडतं, आखडलेल्या अंगामुळे जास्त दुखतं, आणि दुखण्यामुळे भीती आणखी वाढते. त्या मुद्द्याला स्वसंमोहनाची जोड देऊन अमेरिकेत मेरी माँगन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी हिप्नोबर्थिंग ही पद्धत बसवली. आज तिच्या बऱ्याच भावंड-पद्धती आहेत. सगळ्यांत साधारण तेच असतं: लांब, सावकाश श्वास, अंग सैल सोडण्याचा सराव, मनात उभी करायची चित्रं, रोज ऐकायची रेकॉर्डिंग, आणि खांद्यावरच्या स्पर्शासारखी एखादी खूण, जी मिळाली की सरावामुळे शरीर आपोआप सैल पडतं. स्टेजवर लोकांना कोंबडा व्हायला लावणाऱ्या संमोहनाशी याचा संबंध नाही. बाई पूर्ण भानावर असते, ऐकते, उत्तर देते, मनात आलं तर उठून चालू लागते. आणि हे स्वसंमोहन असल्यामुळे शिकवणारी शेजारी हजर असण्याची गरजच नसते. तिचं यश कशात? ती नसताना तुम्हाला ते जमतं, यात.

डुला शिकवत नाही, निदान तिचं मुख्य काम ते नाही. ती सोबत करते. कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंत एकाच बाईजवळ सतत थांबणं, कंबर दाबून देणं, पाणी पाजणं, कूस बदलायला मदत करणं, घाबरलेल्या नवऱ्याला काहीतरी काम देणं. ती आतून तपासणी करत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, बीपी बघत नाही, औषध देत नाही. ते काम डॉक्टरांचं, सिस्टरचं किंवा मिडवाइफचं. मिडवाइफ ही प्रशिक्षित आरोग्यसेविका असते, डुला नसते. आपल्या देशात डुलासाठी सरकारी नोंदणी किंवा परवाना असा प्रकार नाही. तिच्याकडे असतं ते एखाद्या खासगी संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणून ते फ्रेम करून भिंतीवर लावलंय याने फार भारावून जाऊ नये.

आता पुरावा काय सांगतो? इथे माझं झुकतं माप उघड आहे. १९८० साली ग्वाटेमालातल्या एका हॉस्पिटलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे कळा देणाऱ्या बायकांजवळ एक अनोळखी, कसलंही वैद्यकीय प्रशिक्षण नसलेली बाई नुसती बसवली होती. ती हात धरायची, पाठ चोळायची, बोलायची. ज्यांना अशी सोबत मिळाली त्यांना दाखल झाल्यापासून बाळंत व्हायला सरासरी ८.८ तास लागले, ज्यांना मिळाली नाही त्यांना १९.३ तास. अभ्यास लहान होता, पण पुढे मोठे झाले. कोक्रेन ही संस्था एका विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांची माहिती होती: सतत सोबत असलेल्यांची सिझर कमी झाली, कळांचा काळ थोडा कमी झाला, वेदनाशामकं कमी लागली. ही सोबत कधी डुलाची होती, कधी नर्सची, कधी घरच्या माणसाची.

संमोहनाचा पुरावा मात्र अडखळत चालतो. २०१६ च्या कोक्रेन आढाव्यात ९ अभ्यास, २,९५४ बायका. एकूण वेदनाशामकं थोडी कमी लागली, पण एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, घेणाऱ्यांच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसला नाही, नैसर्गिक प्रसूतीच्या प्रमाणातही नाही. त्याआधी २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या ६८० बायकांच्या अभ्यासात दीड-दीड तासाचे दोन वर्ग आणि रोज ऐकायची सीडी दिली होती. एपिड्युरल घेणाऱ्या संमोहन-गटात २७.९ टक्के, दुसऱ्या गटात ३०.३ टक्के, म्हणजे फरक म्हणावा असा नाहीच. मात्र प्रसूतीबद्दलची भीती आणि काळजी संमोहन शिकलेल्यांना प्रत्यक्षात अपेक्षेपेक्षा कमी वाटली. भीती कमी होणं ही छोटी गोष्ट नाही. पण "आमच्या वर्गाला या, कळा दुखणारच नाहीत" असं कोणी म्हणालं तर सरळ उठून यावं. दोन्हींपैकी एकाच गोष्टीला पैसे पुरणार असतील तर मी डुलाला देईन. रेकॉर्डिंग कमी खर्चात मिळतं, सराव घरच्या पलंगावर होतो. पहाटे साडेतीनला कंबर दाबणारा हात रेकॉर्डिंगमधून मिळत नाही.

दोन्ही हवं असेल तर मग प्रश्न येतो तो डुला कोणती, हा. लोक पहिलं विचारतात, "तुम्ही हिप्नोबर्थिंगचं प्रशिक्षण घेतलंय का?" मला हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला प्रश्न असा: तुम्हाला गप्प बसता येतं का? कारण चांगल्या डुलाचे नेहमीचे गुण संमोहन-प्रसूतीत कधीकधी आडवे येतात. एरवी ती बोलून धीर देते, "छान चाललंय, अजून थोडंच, माझ्याकडे बघ" असं म्हणत नजर बांधून ठेवते. इथे बाईने डोळे मिटलेले असतात, कानात रेकॉर्डिंग असतं, आणि तिला वर ओढून आणणारा प्रत्येक शब्द तिचा बसलेला धागा तोडतो. श्वासाच्या तालावर भर देणाऱ्या लामाझच्या जुन्या पद्धतीत शिकलेली डुला कळ चढली की जलद, वरवरचा श्वास घ्यायला लावते. तुम्ही महिनाभर सराव केलाय तो पोटापर्यंत जाणाऱ्या संथ श्वासाचा. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक, पण ऐन कळेत दोन श्वास शिकवणं म्हणजे ताल बदलणाऱ्या तबल्याबरोबर गाणं म्हणायला सांगणं. म्हणून पहिल्याच भेटीत आपलं रेकॉर्डिंग तिला ऐकवावं. ती ते शेवटपर्यंत ऐकते की पाचव्या मिनिटाला स्वतःचा अनुभव सांगू लागते, यावरून बरंच कळतं.

मग बारकावे. खांद्यावरची खूण कोणी द्यायची, नवऱ्याने की तिने? "दुखतंय का?" हा प्रश्न कोणीच विचारायचा नाही, त्याऐवजी काय विचारायचं? कळेला काय म्हणायचं? काही वर्गांत लाट म्हणायला शिकवतात. कुणाला ते आवडतं, कुणाला कृत्रिम वाटतं. मुलीला जे आवडतं ते डुलाने म्हणावं, बाकी काथ्याकूट नको.

भाषेचा प्रश्न बडोद्यात वेगळाच आहे. बाजारात मिळणारी बहुतेक रेकॉर्डिंग इंग्रजीत, अमेरिकन उच्चारात. आईशी बोलणं मराठीत. सिस्टर मात्र येऊन गुजरातीत विचारणार, "बहु दुखे छे, बेन?" आणि शेवटी "जोर करो, जोर करो!" इथल्या आपल्या लोकांना गुजराती घरच्यासारखीच, त्यामुळे कळत नाही असं नाही, उलट फार चांगलं कळतं, आणि म्हणूनच ते वाक्य थेट आत जातं. यावर सोपा उपाय म्हणजे पसंतीचा कागद गुजरातीत लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावणं: दिवे मंद ठेवा, वेदनेचा आकडा विचारू नका, काही सांगायचं असेल तर दोन कळांच्या मध्ये सांगा. अर्ध्या पानाचा, विनंतीच्या सुरात. तीन पानी हुकूमनामा सिस्टर वाचत नाहीत, आणि वाचला तर चिडतात. डुलाने सिस्टरशी गोडीने बोलावं, पण डॉक्टरांशी वाद घालू नये. वाद घालणारी डुला पुढच्या वेळी त्या दवाखान्यात आत येत नाही, आणि तोटा शेवटी तुमचाच होतो. रेकॉर्डिंगसाठी एक सुचवते. संहिता मराठीत घेऊन आईच्या, मावशीच्या किंवा नवऱ्याच्या आवाजात मोबाइलवर भरून घ्यावी. पंखा बंद करून.

आणखी एक गोष्ट वर्गात क्वचितच सांगतात. शांत बाई फसवी दिसते. कळा जोरात असूनही ती डोळे मिटून संथ श्वास घेत पडलेली असते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की अजून बराच वेळ आहे. घरी असेल तर निघायला उशीर होतो, दवाखान्यात असेल तर कोणी लक्ष देत नाही. अनुभवी डुला चेहऱ्यावर विसंबत नाही. ती कळांमधलं अंतर बघते, श्वासातला बदल ओळखते, आणि वेळेवर "सिस्टर, एकदा बघता का?" म्हणते. याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणं, हिरवट किंवा तपकिरी पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर रेकॉर्डिंग बंद करून दवाखाना गाठायचा. "शांत राहा, विश्वास ठेवा" असं अशा वेळी सांगणारी डुला नको. एपिड्युरल किंवा सिझर म्हणजे हार असं सुचवणारीही नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार खासगी दवाखान्यांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या. हा आकडा जास्त आहे की नाही यावर वाद घालू, पण वस्तुस्थिती म्हणून तुमच्या डुलाला हे माहीत हवं की ऑपरेशन टेबलावरही तोच श्वास आणि तीच खूण उपयोगी पडते. तिने तसं काही ठरवून ठेवलंय का, विचारा. ज्यांना आधी गंभीर मानसिक आजार होऊन गेलाय किंवा फिट्स येतात, त्यांनी संमोहनाचा वर्ग सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. चांगली शिकवणारी हे फॉर्ममध्येच विचारते.

दवाखाना आत सोडेल का, हे मात्र डुला ठरवण्याच्याही आधी विचारायचं. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीला माणूस राहू द्यायला परवानगी दिली, तीही मुख्यतः नात्यातल्या, स्वतः बाळंत झालेल्या बाईसाठी. आडोसा असेल तिथे नवऱ्यालाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तर आईच्या पसंतीचा सोबती असावाच अशी शिफारस केली. प्रत्यक्षात खासगी दवाखान्यांत "एकच जण" हा नियम सर्वात जास्त भेटतो. मग नवरा की डुला? हा प्रश्न सातव्या महिन्यात, चहा पिताना, भांडण न करता सोडवण्याचा आहे. रिसेप्शनवर विचारून उपयोग नसतो, डॉक्टरांनाच विचारावं आणि उत्तर फाइलवर लिहून घ्यावं.

अंतराचंही बघावं. डुला कारेलीबागेत आणि दवाखाना गोत्रीला असेल तर मध्ये विश्वामित्री आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा अलीकडून पलीकडे जाणं कसं झालं होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. तारीख नवरात्रात येत असेल तर रात्री दहानंतरच्या गरब्याच्या गर्दीचा हिशेब करावा. एकूण काय, डुलाची बदली कोण, ती नदीच्या कुठल्या बाजूला राहते, आणि तिची-तुमची एकदा तरी भेट होणार का, हे विचारून ठेवावं. हिप्नो-प्रसूतीत बदली येणारीला तुमची खूण माहीत नसेल तर तिचा अर्धा उपयोग जातो.

पैशाचं बोलणं दोन कागदांवर व्हावं, एकच बाई दोन्ही करत असली तरी. वर्गाच्या कागदावर: किती तास, कितव्या महिन्यात, रेकॉर्डिंग कायमचं आपलं की नाही. डुलाच्या कागदावर: कितव्या आठवड्यापासून ती फोनवर हजर, बोलावल्यावर किती वेळात पोहोचणार, किती तासांनंतर बदली, ठरवून सिझर झालं किंवा दवाखान्याने आत सोडलं नाही तर किती रक्कम परत.

आणि आत सोडलंच नाही तर? तेव्हाही डुला फुकट जात नाही. कळांचा बराचसा काळ घरीच जातो. तेवढा वेळ ती घरी थांबू शकते आणि निघायची वेळ झाली की सांगू शकते. आत जाणाऱ्या आईला किंवा सासूबाईंना तिने आधीच दोन-तीन गोष्टी हातात बसवून द्याव्यात: खांद्यावर हात कुठे आणि किती हलका ठेवायचा, कंबरेच्या कुठल्या जागी तळहाताने दाब द्यायचा, आणि कळ चालू असताना "आमच्या वेळी" ने सुरू होणारं एकही वाक्य बोलायचं नाही. तिसरी गोष्ट शिकवायला सर्वात जास्त वेळ लागतो, म्हणून आठव्या महिन्यातच सुरुवात करावी.