अंजन मागितलं, अंजनी हवी होती

बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत मधमाश्यांसाठी एखादं आपल्या मातीतलं झुडूप लावायचं ठरलं. मी रोपवाटिकेत जाऊन 'अंजन' मागितलं, कारण माथेरानच्या वाटांवर ते नाव ऐकलेलं होतं. आठवड्यानं पानं निरखली तेव्हा लक्षात आलं, घरी आलंय ते खानदेशातलं अंजन. रोपवाटिकेचा काही दोष नाही. हे झाड आणि मला हवी असलेली अंजनी, दोन्हींना लोक अंजनच म्हणतात.

खानदेशी अंजन, म्हणजे हार्डविकिया बायनाटा, पानावरूनच कळतं. लांबून आपटाच वाटतो. पण आपट्याचं पान एकच, टोकाकडून दुभंगलेलं. अंजनाच्या पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे सुटे भाग, चक्क दोन, देठाच्या टोकाशी जुळलेल्या. हा कमी पावसाच्या, खडकाळ उतारांवरचा उंच पानझडी वृक्ष. लाकूड आपल्याकडच्या सर्वांत जड लाकडांपैकी, पाला गुरांच्या आवडीचा. फार गुणी झाड, पण मुंबईच्या 2000 मिलिमीटरहून जास्त पावसात आणि दोन इमारतींमधल्या पट्टीत त्याला कोंबणं म्हणजे त्याचे हाल करणं.

मला हवी होती ती अंजनी, मेमेसायलॉन अंबेलेटम. सह्याद्रीतलं हे सदाहरित झुडूप, जागा मिळाली तर लहानसं झाड. पानं साधी, जाड, चकचकीत आणि फांदीवर समोरासमोर. मधली शीर ठसठशीत, बाजूच्या शिरा मात्र शोधाव्या लागतात. लाकूड इतकं टणक की काही जण तिला लोखंडी म्हणतात.

साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ती फुलते, तेव्हा मात्र ओळख पटवावी लागत नाही. फुलं पानांच्या बगलेतच नव्हे, पानं गळून गेलेल्या जुन्या काटक्यांवरही गच्च लगडतात. चार पाकळ्यांची, निळी-जांभळी, इवलीशी. सगळी फांदी निळ्या लोकरीत गुंडाळल्यासारखी दिसते आणि झुडपाजवळ जायच्या आधीच मधमाश्यांची गुणगुण कानावर येते. मागाहून वाटाण्यापेक्षा किंचित लहान, गोल फळं धरतात आणि पिकून काळीजांभळी होतात. अंजनाला मात्र चपटी, पंखासारखी शेंग येते, टोकाशी एकच बी.

खानदेशी रोप आम्ही धुळ्याकडे शेती असलेल्या शेजाऱ्यांना दिलं. अंजनीचं रोप आता शास्त्रीय नाव कागदावर लिहून मागितलंय.